सप्टेंबर आला की मेलबर्नवाल्यांना काय होतं? फूटी, फायनल्स आणि "यंदा आपलंच" याचा हिशोब

गणपती आणि नवरात्र यांच्या मधल्या दिवसांत मेलबर्नला राहणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांचे व्हॉट्सॲप स्टेटस एकदम बदलतात, एरवी बार्बेक्यू आणि बागेतल्या गुलाबांचे फोटो टाकणारी ही माणसं काळे-पांढरे पट्टेवाले मफलर घालून उभी असतात आणि खाली लिहिलेलं असतं "धिस इयर". काय धिस इयर? पुण्यात बसलेल्या काका-काकूंना काही कळत नाही, ते आपले एक अंगठा टाकून पुढे जातात. तर त्या अंगठ्यामागे थोडी तरी समज असावी म्हणून हा लेख.

आधी हे क्लिअर करू, कुठला फुटबॉल?

मेस्सीचा नाही आणि रग्बीही नाही. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, लाडाचं नाव फूटी. मेलबर्न, ॲडलेड, पर्थ, हॉबार्ट इथे फूटी म्हटलं की हाच खेळ, पण सिडनी-ब्रिस्बेनला फूटी म्हणालात तर समोरचा बहुतेक रग्बी लीग समजेल. नकाशावर त्यांनी एक काल्पनिक रेषासुद्धा ओढलीये, बरासी लाइन म्हणतात, रॉन बरासी या मोठ्या खेळाडूच्या नावाने, रेषेच्या एका बाजूला हा खेळ आणि दुसऱ्या बाजूला तो. रग्बी लीगवाल्यांचीही ग्रँड फायनल याच सुमाराला असते त्यामुळे बातम्या वाचताना गोंधळ होतो, पण आपण इथे फक्त फूटीचं बोलतोय.

गंमत म्हणजे हा खेळ क्रिकेटच्या पोटातून आलाय. 1858 साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरने एका पेपरला पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटू ढिले पडतात, त्यांना फिट ठेवायला एखादा फुटबॉल क्लब काढा. पुढच्या वर्षी, 1859 मध्ये, नियम लिहून झाले, म्हणजे इंग्लंडात सॉकरचे नियम लिहिले गेले त्याच्याही चार वर्षं आधी. आणि म्हणूनच मैदान चौकोनी नाही, लंबगोल आहे, क्रिकेटचंच. ज्या एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर) 23 ऑक्टोबर 2022 ला कोहलीने पाकिस्तानविरुद्ध नाबाद 82 केले (आणि आपण सगळे सोफ्यावर उभे राहिलो) त्याच एमसीजीवर जेमतेम महिनाभर आधी लाखावर माणसांनी फूटीची ग्रँड फायनल बघितली होती. पिच कुठे गेली म्हणाल तर ती बाहेर तयार करून उन्हाळ्यात आणून बसवतात.

खेळ पाच मिनिटांत

एका बाजूला 18 खेळाडू. बॉल अंड्यासारखा, त्यामुळे टप्पा पडल्यावर कुठे जाईल ते देवालाच माहीत, आणि हे लक्षात ठेवा कारण पुढे याच्यावर एक अख्खी फायनल अडकणार आहे. बॉल लाथेने मारायचा किंवा एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोकायचा, फेकायला परवानगी नाही. ऑफसाइड नाही. कोणीही लांबून मारलेली किक तुम्ही हवेत झेललीत तर खेळ तुमच्यासाठी थांबतो आणि तुम्ही निवांत किक मारता, त्या झेलाला मार्क म्हणतात, आणि लोक एकमेकांच्या खांद्यावर गुडघे ठेवून उडतात ना रील्समध्ये, ते या मार्कसाठी.

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांच्या मधून गेला तर गोल, 6 पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, 1 पॉइंट, म्हणजे चुकलात पण अगदीच नाही, घ्या एक. स्कोअर 10.14 (74) असा लिहितात, दहा गोल, चौदा बिहाइंड, एकूण चौऱ्याहत्तर. वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर, पण मधे घड्याळ थांबत राहतं त्यामुळे एक क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातो. बास, एवढं पुरे.

मग सप्टेंबरमध्ये वेगळं काय होतं?

लीगचं नाव एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग), टीम 18. त्यातल्या दहा एकट्या व्हिक्टोरिया राज्यातल्या, नऊ मेलबर्न शहरातल्या आणि एक शेजारच्या जिलाँगची. मार्चपासून ऑगस्टपर्यंत साधी लीग चालते, जिंकलात 4 पॉइंट, बरोबरी 2. पॉइंट टेबलला लॅडर म्हणतात. दोघांचे पॉइंट सारखे असतील तर आपण केलेला स्कोअर भागिले आपल्याविरुद्ध झालेला स्कोअर, गुणिले शंभर, याला ते पर्सेंटेज म्हणतात, म्हणजे आपल्या नेट रनरेटचं काम ते करतं.

2000 पासून 2025 पर्यंत पद्धत अशी होती की पहिले आठ फायनल्सला जायचे. फायनल्स हे अनेकवचन आहे हां, चार आठवड्यांची बाद फेरी, आणि शेवटची ती ग्रँड फायनल. पहिल्या चौघांना डबल चान्स, म्हणजे पहिल्या आठवड्यात हरलात तरी घरी जायचं नाही, पुढच्या आठवड्यात परत एक संधी. पाच ते आठ नंबरवाल्यांना असली काही सवलत नाही, हरलात की संपलं, कप हवा तर सलग चार जिंका.

हे ऐकून "अरे हे तर आयपीएलसारखंच" असं वाटलं असेल तर बरोबर वाटलंय, फक्त उलट आहे, आयपीएल यांच्यासारखं आहे. क्वालिफायर वन, एलिमिनेटर, क्वालिफायर टू ही जी चार टीमची रचना आयपीएलने 2011 पासून घेतली तिला पेज सिस्टिम म्हणतात, आणि ती पहिल्यांदा वापरली गेली 1931 साली, याच लीगमध्ये (तेव्हा नाव व्हीएफएल होतं). पर्सी पेज हे रिचमंड क्लबचे प्रतिनिधी, त्यांनी ही योजना लावून धरली म्हणून त्यांचं नाव. म्हणजे वानखेडेवर मुंबई इंडियन्स क्वालिफायर वन हरून सुद्धा "अजून एक चान्स आहे रे" म्हणत आपण जे घरी जातो ना, तो दिलासा मेलबर्नहून आलाय.

आणि हा डबल चान्स कागदावरचा नाहीये. 2025 ला ब्रिस्बेन पहिल्याच आठवड्यात जिलाँगकडून हरलं. साधी बाद फेरी असती तर विषय संपला होता. पण ते वळसा घालून परत आले आणि ग्रँड फायनलमध्ये त्याच जिलाँगला 47 पॉइंटनी हरवलं. जिलाँगवाल्या एखाद्याला हे न्याय्य वाटतं का ते विचारू नका, निदान ख्रिसमसपर्यंत नको.

2026 पासून अजून एक बदल, आता आठाऐवजी दहा टीमना आशा. 7 विरुद्ध 10 आणि 8 विरुद्ध 9 अशी वाइल्डकार्ड फेरी आधी, त्यातले दोन विजेते पुढे. यावर फॅन लोकांत सरळ दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं अठरातल्या दहाव्याला कसलं बक्षीस देताय, दुसऱ्यांचं म्हणणं ऑगस्टमध्ये जास्त मॅचेसना अर्थ राहील. मला विचाराल तर पहिल्या बाजूचं पटतं, पण माझी टीम दहावी आली तर मी मत बदलीन याची मला खात्री आहे.

"पण सातव्या-आठव्या नंबरवाल्यांनी एवढं नाचायचं कशाला? ते कुठे जिंकणारेत?"

बरेच दिवस हा प्रश्न अगदी बरोबर होता. आणि मग 2016 आलं.

वेस्टर्न बुलडॉग्ज. मेलबर्नच्या पश्चिमेकडचा फुटस्क्रे हा कामगार वस्तीचा भाग, तिथला क्लब, गरीब, कायम पैशाची ओढाताण. 1989 मध्ये तर हा क्लब फिट्झरॉय नावाच्या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन करायचं जवळपास ठरलंच होतं, फॅन लोक कोर्टात गेले, दारोदार डबे फिरवून पैसे गोळा केले आणि क्लब वाचवला. वाचवला म्हणजे फक्त जिवंत ठेवला, कप काही मिळत नव्हता. एकमेव कप 1954 चा.

2016 ला ते लॅडरवर सातवे आले. पहिली मॅच पर्थला जाऊन जिंकली. दुसरीत हॉथॉर्नला हरवलं, जे लागोपाठ तीन वर्षं चॅम्पियन होते. तिसरी सिडनीत, तिथल्या दुसऱ्या क्लबविरुद्ध, फक्त 6 पॉइंटनी. आणि मग ग्रँड फायनलला सिडनी स्वान्सविरुद्ध 22 पॉइंटनी. बासष्ट वर्षांनी. त्यांचा कॅप्टन बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळे सीझनच्या सुरुवातीलाच बाहेर गेला होता, सतरा सीझन याच क्लबसाठी घालवलेला माणूस आणि कपच्या दिवशी साध्या कपड्यांत. कोच ल्यूक बेव्हरिजने स्टेजवर स्वतःला मिळालेलं मेडल त्याला बोलावून त्याच्या गळ्यात घातलं. मर्फीने नंतर ते क्लबला परत दिलं. यूट्यूबवर शोधून बघा, खेळाचे नियम एक अक्षर कळले नाहीत तरी चालेल.

तेव्हापासून काय झालं की सातव्या नंबरच्या फॅनला गप्प बसवायची सोय राहिली नाही. तुम्ही काही बोलायला लागलात की तो फक्त "2016" म्हणतो. त्यात 2024 ला ब्रिस्बेनने पाचव्या नंबरवरून कप नेला, तेही मधल्या एका मॅचमध्ये 44 पॉइंटनी मागे असताना. (1970 च्या ग्रँड फायनलला हाफटाइमला कार्लटनही कॉलिंगवूडच्या बरोब्बर 44 च मागे होतं आणि जिंकलं. त्या दिवशी एमसीजीवर 121,696 माणसं होती, तो रेकॉर्ड अजून तुटला नाही आणि आता एवढी माणसं आत घेतच नाहीत.)

दरवर्षी सगळ्यांनाच "यंदा आपलं" वाटतं, हा वेडेपणा की हिशोब?

दोन्ही, पण हिशोबाचा भाग लोक सांगत नाहीत म्हणून तो बघू.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये पैसेवाला क्लब वर्षानुवर्षं जिंकत राहतो. एएफएलने मुद्दाम तसं होऊ नये अशी व्यवस्था केलीये. एक म्हणजे सॅलरी कॅप, सगळ्या खेळाडूंच्या पगारावर एक वरची मर्यादा, तुमच्याकडे कितीही पैसा असो. दुसरं म्हणजे ड्राफ्ट. गल्लीत टीम पाडताना आपण काय करायचो, ज्याच्याकडे लिंबूटिंबू जास्त आलेत त्याला आधी निवडू द्यायचो, तसंच, देशभरातली अठरा वर्षांची पोरं दरवर्षी निवडीला असतात आणि लॅडरवर शेवटच्या आलेल्या क्लबला पहिला नंबर मिळतो. प्रत्यक्षात याला बरेच फाटे आहेत, म्हणजे जुन्या खेळाडूच्या मुलाला बापाच्या क्लबमध्ये घ्यायला सवलत वगैरे, पण मूळ कल्पना ही.

आता समजा ही व्यवस्था शंभर टक्के चालली आणि अठराही टीमना दरवर्षी सारखीच संधी असली. तर सरासरी अठरा वर्षांत एकदा कप. ठीक वाटतं ना? पण सरासरी फसवी असते. एखाद्या ठरावीक टीमने सलग 25 वर्षं कोरडं राहण्याची शक्यता काढली तर ती 24 टक्के येते, म्हणजे साधारण चारातली एक टीम. 50 वर्षं कोरडं राहण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या जरा खाली, म्हणजे अठरातली एक. कोणाची चूक नाही, कोणाचा शाप नाही, नुसतं नाणं उडवत बसलात तरी एका क्लबच्या नशिबी अर्धं शतक येणारच.

आणि खरी परिस्थिती याहून वाईट आहे. 2001 ते 2025 या 25 वर्षांत कप फक्त 10 क्लबांनी वाटून घेतले. ब्रिस्बेनने सलग तीन (2001 ते 2003) आणि परत 2024, 2025. हॉथॉर्नने चार, त्यात 2013 ते 2015 ओळीने. जिलाँगने चार, रिचमंडने तीन. संधी खरोखर सारखी असती तर तेरा-चौदा वेगवेगळे विजेते दिसायला हवे होते. म्हणजे ड्राफ्ट आणि कॅपमुळे श्रीमंत-गरीब फरक कमी झाला पण चांगला कोच, चांगली निवड करणारी माणसं यांना कॅप लावता येत नाही.

मग रिकाम्या हाताने कोण बसलंय? कार्लटन, 1995 पासून. एसेंडन, 2000 पासून, आणि यांनी तर 2004 नंतर फायनल्समधली एकही मॅच जिंकलेली नाही. ही दोन्ही घराणी 16-16 कपवाली हां, कॉलिंगवूडच्या बरोबरीची. फ्रीमँटल 1995 ला लीगमध्ये आलं, अजून खातं उघडायचंय. आणि सेंट किल्डा. सेंट किल्डावर वेगळं बोलायलाच पाहिजे.

सेंट किल्डा

1897 ला लीग सुरू झाली तेव्हापासूनचा क्लब. एवढ्या वर्षांत कप एक. 1966, कॉलिंगवूडविरुद्ध 74-73, आणि तो एक पॉइंट कसला तर शेवटच्या मिनिटांत बॅरी ब्रीनच्या किकवर मिळालेला बिहाइंड. चुकलेल्या नेमाच्या त्या एका पॉइंटवर तीन पिढ्या जगतायत.

2009 ला ते ग्रँड फायनलला पोचले, जिलाँगकडून 12 पॉइंटनी हरले. 2010 ला परत आले. शेवटची मिनिटं, कॉलिंगवूड 68, सेंट किल्डा 67, लेनी हेजची किक गोलच्या दिशेने आली, स्टीफन मिल्न धावत निघाला, समोर कोणी नाही, आणि तो अंड्यासारखा बॉल टप्पा पडून आडवा गेला, बिहाइंडमध्ये. म्हणजे मिळालेला तो एक पॉइंट धरून 68-68. भोंगा वाजला, बरोबरी. दोन्हीकडचे खेळाडू मैदानावर तसेच पडून राहिले कारण जिंकलो म्हणून नाचावं की हरलो म्हणून रडावं हेच कोणाला कळेना. तेव्हा नियम असा होता की बरोबरी झाली की पुढच्या शनिवारी अख्खी मॅच परत. परत खेळले, कॉलिंगवूड 56 पॉइंटनी जिंकलं. आता तो नियम नाही, बरोबरी झाली तर त्याच दिवशी जादा वेळ.

शाप-बिप खरंच मानतात का लोक?

तोंडाने नाही म्हणतात. पण मेलबर्न क्लबची गोष्ट ऐका. नॉर्म स्मिथ हा त्यांचा सगळ्यात यशस्वी कोच, 1964 ला कप जिंकून दिला आणि 1965 च्या सीझनमध्ये क्लबने त्याला काढून टाकलं. थोड्याच दिवसांत परत घेतलं, पण बोलवा उठायची ती उठलीच. त्यानंतर 57 वर्षं कप नाही. वर कडी म्हणजे 1979 पासून ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूला जे मेडल देतात त्याचं नाव नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे दरवर्षी जखमेवर मीठ.

तो शाप 2021 ला संपला, तेही बुलडॉग्जविरुद्ध, तिसऱ्या क्वार्टरमध्ये 19 ने मागे असताना तिथून उसळून 74 पॉइंटनी. फक्त एक झालं, कोविडमुळे मॅच मेलबर्नला नव्हती, पर्थला होती. मेलबर्न शहर लॉकडाऊनमध्ये. सत्तावन्न वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो लोकांनी आपापल्या हॉलमध्ये बसून टीव्हीवर बघितला, शेजाऱ्याला मिठी मारायचीही चोरी.

"दरवर्षी एमसीजीवरच का? पर्थवाल्यांनी काय घोडं मारलंय?"

काहीच नाही मारलं, आणि ही तक्रार मला शंभर टक्के रास्त वाटते. लॅडरवर पहिला आलेला पर्थचा क्लब जर मेलबर्नच्या क्लबशी ग्रँड फायनल खेळला तर तीन-चार तास विमानात बसून समोरच्याच्या गावात यायचं, हे कसलं पहिलं येणं. पण करार झालेला आहे, 2059 पर्यंत ग्रँड फायनल एमसीजीवरच. 2020 ला ब्रिस्बेन आणि 2021 ला पर्थ हे निव्वळ कोविडचे अपवाद. उत्तर म्हणून लाख माणसं बसणारं दुसरं मैदान देशात नाही असं सांगतात, ते खरं आहे, आणि व्हिक्टोरिया सरकारचा पैसा त्यात आहे हेही खरं आहे. 2015 पासून तर आदल्या दिवशीच्या शुक्रवारी त्या राज्यात सरकारी सुट्टी असते आणि खेळाडूंची मिरवणूक निघते. व्यापारी दरवर्षी कुरकुर करतात, सुट्टी दरवर्षी असते.

आणि ज्यांची टीम अजून जन्मलीच नाही त्यांचं काय?

टास्मानिया. बेटावर हा खेळ दीडशे वर्षांच्या आसपास चाललाय, मोठमोठे खेळाडू तिथून आले, पण स्वतःची टीम नाही. आता 2028 ला एकोणिसावी टीम म्हणून टास्मानिया डेव्हिल्स येणार असं ठरलंय. 2024 ला नाव जाहीर झालं तेव्हा दहा डॉलरची मेंबरशिप काढली, लाखाच्या वर लोकांनी घेतली. खेळाडू नाहीत, हॉबार्टमधल्या नव्या स्टेडियमवरून राजकारण्यांची भांडणं, आणि मेंबर लाखावर. आशा म्हणजे काय असते याचा एवढा स्वच्छ आकडा मी तरी दुसरा बघितलेला नाही.

आपल्यातल्या नव्याने गेलेल्यांनी कुठली टीम धरायची?

मेलबर्नला ऑफिसमध्ये पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, तुझी टीम कुठली. "मी क्रिकेट बघतो" हे उत्तर चालत नाही. बहुतेक लोकांना टीम आई-बापांकडून मिळते, तुम्हाला निवडता येतेय ही चैन समजा, पण एकदा सांगितली की बदलता येत नाही, नवरा-बायकोच्या टीम वेगवेगळ्या चालतात, बदललेली टीम चालत नाही.

तर साधारण असं. भांडणाची आवड असेल तर कॉलिंगवूड, कारण उरलेलं सगळं शहर तुमच्याविरुद्ध असेल (1958 ते 1990 मध्ये त्यांनी आठ ग्रँड फायनल हरल्या त्याचे जोक अजून चालतात). तिकीट सहज हवं असेल, घर पश्चिमेला असेल, तर बुलडॉग्ज, आणि टार्नेट-वेरिबीकडे आपले लोक भरपूर आहेत त्यामुळे सोबतही मिळेल. जिंकायचंच असेल तर सध्या ब्रिस्बेन, पण मेलबर्नमध्ये राहून ब्रिस्बेन म्हणालात तर लोक एक भुवई वर करतात, अपवाद जुन्या फिट्झरॉयवाल्यांचा, त्यांचा क्लब 1996 ला ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला म्हणून त्यांना माफ आहे. मुली घरात असतील तर महिलांची लीगही बघा, 2017 ला सुरू झाली, तिकिटं स्वस्त, खेळाडू मॅचनंतर थांबून पोरींशी बोलतात.

सेंट किल्डा घेऊ नका असं मी म्हणणार नाही. समुद्र जवळ आहे, केक शॉप चांगली आहेत, माणसं प्रेमळ आहेत. फक्त बाळाला मफलर घेणार असाल तर मोठ्या साइजचा घ्या, वापर बराच काळ करावा लागेल.